मालाने भरलेली पिकअप अचानक सुरू होत नाही तेव्हा

पीक काढले म्हणजे शेतीचे काम संपले, असे नव्हे. माल वेळेवर बाजारात पोचून त्याचा पैसा हाती आला, म्हणजेच हंगाम पुरा झाला असे समजावयाचे. हे शेवटचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आता बागायती गावांतून ते लहान मालवाहू मोटारीकडे, म्हणजे पिकअपकडे आलेले आहे. २००५ साली निघालेल्या टाटा एस या छोट्या गाडीला तर शेतकऱ्यांनी 'छोटा हत्ती' असे घरचे नावच देऊन टाकले. यावरून या वाहनाचे खेड्यातील स्थान लक्षात येईल. यास्तव शेतीच्या पत्रिकेत मोटारीचा विषय कशाला, असे कोणी म्हणू नये.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील आवारात टोमॅटो पाठवावयाचा असो, अथवा वाशीच्या बाजारात पहाटेपूर्वी भाजीपाला पोचवावयाचा असो, वेळ चुकली की भाव चुकतो. समजा, २० किलोचे ६० क्रेट भरून गाडी अंगणात उभी आहे. म्हणजे १,२०० किलो माल, त्यामागे तीन-चार महिन्यांची मेहनत, औषधे, खते आणि तोडणीची मजुरी. पहाटे तीन वाजता चावी फिरवावी आणि गाडीने हूं की चूं करू नये, असा प्रसंग आला म्हणजे शेतकरी गोंधळून जातो. मग तो चावी पुनःपुन्हा फिरवीत राहतो, शेजाऱ्यांना उठवून गाडी ढकलावयास लावतो, हाती येईल ती वायर ओढून पाहतो. अशा घाईत लहानसा बिघाड मोठा होतो आणि कधी कधी माणसेही जखमी होतात.

बैल उठत नसेल तर जाणता शेतकरी त्याला चाबूक मारीत नाही. तो बैलाचा खूर पाहतो, डोळे पाहतो, रवंथ करतो की नाही हे पाहतो, आणि मग उपाय करतो. गाडीच्या बाबतीतही आधी निदान व मग उपचार हाच क्रम ठेवावा. गाडी सुरू न होण्याची बरीचशी कारणे साधी असतात व ती एक पाना, एक विजेरी आणि थोडा धीर एवढ्या साहित्यावर ओळखता येतात. ती कशी ओळखावीत, कोणती स्वतः दूर करावीत आणि कोठे हात आखडून मेकॅनिकला बोलवावे, याचे विवेचन या लेखात केले आहे. मालवाहू पिकअप बहुधा डिझेलवर चालतात, म्हणून मुख्य विचार डिझेल गाडीचा केला आहे.

गाडी सुरू होण्यास काय लागते?

डिझेल इंजिनात ठिणगीची योजना नसते. सिलिंडरात आलेली हवा दट्ट्याने दाबली जाऊन तिचे आकारमान सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शाइतके होते. या दाबाने हवा इतकी तापते की, तीत डिझेलचा बारीक फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. यावरून तीन गोष्टींची गरज दिसून येते.

१. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. हे काम बॅटरी व स्टार्टर (ज्याला आपण 'सेल्फ' म्हणतो) यांचे.
२. डिझेल स्वच्छ, हवाविरहित व योग्य दाबाने नॉझलपर्यंत पोचले पाहिजे.
३. हवा आत येण्याचा व धूर बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा पाहिजे, आणि थंडीत हवा तापण्यास हिटरची मदत मिळाली पाहिजे.

नव्या गाड्यांत यात चौथी गोष्ट मिळाली आहे. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या विद्युत्-यंत्रणेने परवानगी दिली पाहिजे. बिघाड या चारांपैकी कोठे आहे हे शोधणे म्हणजेच निदान होय.

पहिली दोन मिनिटे

कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. हँडब्रेक ओढलेला आहे व गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी. भरलेली गाडी उतारावर असल्यास चाकांमागे दगड लावावेत.
२. क्लच पूर्ण दाबून चावी फिरवावी. काही गाड्यांत क्लच दाबल्याखेरीज सेल्फ लागतच नाही.
३. टाकीत डिझेल आहे का ते पाहावे. काट्यावर संपूर्ण विश्वास ठेवू नये. मागील खेपेनंतर किती किलोमीटर गाडी चालली, याचा हिशेब करावा.
४. चावी 'ऑन'वर आणून समोरच्या फलकावरील दिवे पाहावेत. कोणता दिवा लागतो, कोणता लुकलुकतो, हे कागदावर टिपून ठेवावे. पुढे मेकॅनिकला फोनवर सांगावयास ते उपयोगी पडते.
५. डिझेलचा अथवा जळाल्याचा वास येत असल्यास चावी बंद करून प्रथम त्याचे कारण शोधावे. तेथे विडी-काडी पेटवू नये.

आता गाडीचा आवाज ऐकावा. सेल्फ मारल्यावर जो आवाज येतो, अथवा येत नाही, त्यावरून दुखणे कोणत्या अंगात आहे हे कळते. याचे तीन प्रकार पडतात.

प्रकार पहिला : काहीच आवाज नाही, किंवा नुसता 'टकटक' आवाज

सेल्फ फिरत नसेल तर डिझेलचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. दोष विजेच्या बाजूस आहे. येथे एक सोपी परीक्षा आहे. गाडीचे पुढचे दिवे लावावेत, आणि एकाने दिव्याकडे लक्ष ठेवावे व दुसऱ्याने सेल्फ मारावा.

(अ) दिवे लागतच नाहीत : बॅटरी पूर्ण उतरली आहे, किंवा तिची तार सुटली आहे.

(आ) दिवे लागतात, पण सेल्फ मारताच मंद होऊन विझू पाहतात, अथवा 'टकटकटक' असा जलद आवाज येतो : बॅटरी कमजोर आहे, अथवा तिच्या टोकांचा सांधा मळलेला वा सैल आहे.

(इ) दिवे तसेच लखलखीत राहतात आणि सेल्फ मुका राहतो, अथवा एकच 'टक्' असा आवाज येतो : बॅटरी बहुधा ठीक आहे. दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये, फ्यूजमध्ये, चावीच्या स्विचमध्ये किंवा वायरीत आहे.

पुष्कळ शेतकरी म्हणतात, "दिवे लागतात, मग बॅटरी खराब कशी?" याचे उत्तर असे की, पुढच्या एका दिव्याला सुमारे ५ अँपियर प्रवाह पुरतो, तर सेल्फला इंजिन फिरविताना १०० ते ३०० अँपियर लागतात. विहिरीत पिण्यापुरते पाणी असले म्हणून तिच्यावर उसाचे भिजवण होईलच असे नाही, तसेच हे आहे.

बॅटरीची टोके तपासणे हे पहिले काम. टोकांवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर प्रवाहाला अडथळा होतो. पाटात गाळ साचला म्हणजे विहिरीला पाणी असूनही वाफा कोरडा राहतो, त्यातला हा प्रकार. तार हाताने हलवून पाहावी. ती टोकावर किंचितही फिरता कामा नये. साफ करावयाची असल्यास चावी बंद करून प्रथम ऋण (−) तार सोडावी, मग धन (+) तार सोडावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशाने टोके धुवावीत. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून, कानशीने अथवा पॉलिश कागदाने घासून, प्रथम धन व शेवटी ऋण तार घट्ट बसवावी व वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. ऋण तार आधी सोडण्याचे कारण असे की, धन टोकावर काम करताना पान्याचा स्पर्श गाडीच्या लोखंडास झाला तरी मोठी ठिणगी पडू नये. ऋण तारेचे दुसरे टोक इंजिनाला व सांगाड्याला जोडलेले असते. ते गंजले असेल तरीही हीच लक्षणे दिसतात. तेही अवश्य पाहावे.

पंपाच्या दुरुस्तीसाठी वायरमन जो मीटर वापरतो, तो मिळाल्यास बॅटरीची परीक्षा अधिक नेमकी होते. गाडी काही तास बंद असताना :

१२.६ व्होल्ट वा थोडे अधिक — बॅटरी पूर्ण भरलेली.
सुमारे १२.२ व्होल्ट — निम्मी भरलेली.
१२ व्होल्टच्या खाली — जवळजवळ उतरलेली.

सेल्फ मारत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर समजावी. इंजिन चालू असताना मीटर १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान दाखवील तर अल्टरनेटर बॅटरी नीट भरतो आहे. तो १२.५च्या आसपासच राहिला तर नवी बॅटरी घालूनही दुखणे परत येणार. अशा वेळी अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का, हे इंजिन बंद करून पाहावे.

थंडीचा परिणामही ध्यानात घ्यावा. निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते व इंजिनातील तेल घट्ट झाल्याने त्याला फिरवावयास अधिक जोर लागतो. म्हणून पावसाळ्यात कशीबशी चालणारी जुनी बॅटरी द्राक्षांच्या हंगामात नेमकी दगा देते.

प्रकार (इ)मध्ये शेतकऱ्याने फ्यूज तपासावा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर बहुधा नकाशा असतो. जळालेला फ्यूज काढून तितक्याच अँपियरचा नवा घालावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी होय. तसेच, धान्याच्या कणगीजवळ किंवा गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. विजेरी घेऊन इंजिनाभोवती कुरतडलेल्या वायरी व लेंड्या दिसतात का ते पाहावे. तुटकी वायर उघडी जोडून गाडी हाकू नये.

दुसऱ्या बॅटरीचा आधार कसा घ्यावा?

बॅटरी उतरली आहे असे ठरल्यास दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवर गाडी सुरू करता येते. गावातील ट्रॅक्टर यासाठी सोईचा असतो. मात्र दोन्ही वाहने १२ व्होल्टचीच असली पाहिजेत. मोठ्या ट्रकांत व बसगाड्यांत बहुधा दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. त्यांच्यावर पिकअप जोडल्यास तिची विद्युत्-यंत्रणा जळून जाईल.

जाड जंपर केबलची जोडी घ्यावी. साध्या घरगुती वायरीने हे काम होत नाही. ती तापून पेट घेते. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. दोन्ही वाहने एकमेकांना न चिकटता जवळ उभी करावीत. दोहोंच्या चाव्या, दिवे, पंखा बंद करावेत.
२. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास लावावे.
३. लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावे.
४. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावावे.
५. काळ्या केबलचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या, रंग नसलेल्या लोखंडी भागास, बॅटरीपासून दूर लावावे.
६. चांगले वाहन चालू करून पाचेक मिनिटे चालू ठेवावे व मग बंद गाडीचा सेल्फ मारावा.
७. गाडी सुरू झाल्यावर केबली उलट क्रमाने काढाव्यात.

शेवटचे टोक बॅटरीपासून दूर लावावयाचे, याला कारण आहे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने स्फोटासारखा पेटतो. आत गंधकाम्ल असल्याने अशा स्फोटात डोळे जातात. म्हणून बॅटरीवर वाकून पाहू नये, जवळ काडी ओढू नये. बॅटरी फुगलेली, तडकलेली वा गळत असेल तर तिला हा उपाय करूच नये. गाडी सुरू झाल्यावर लगेच बंद करू नये. निदान अर्धा-पाऊण तास ती चालती ठेवावी व पुढे बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

प्रकार दुसरा : 'घर्र... घर्र...' असा जड व मंद आवाज

सेल्फ फिरतो, पण थकल्यासारखा. हा बहुधा कमजोर बॅटरीचा अथवा मळलेल्या टोकांचाच सौम्य प्रकार असतो. वर सांगितलेले उपाय करावेत.

परंतु एक अपवाद अत्यंत महत्त्वाचा आहे. गाडी ओढ्याच्या किंवा पुराच्या पाण्यातून आली असेल आणि पाण्यातच बंद पडली असेल, तर सेल्फ मुळीच मारू नये. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरात गेलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी दट्ट्याचा दांडा वाकतो व सगळे इंजिन उघडावे लागते. हवेच्या फिल्टरचे झाकण काढून आतील कागद ओला आहे का ते पाहावे. ओला असल्यास गाडी ओढून मेकॅनिककडे न्यावी.

प्रकार तिसरा : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकड घेत नाही

येथे बॅटरीला दोष देऊ नये. एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने बाजूला उभे राहून धुराड्याकडे पाहावे.

धूर मुळीच नसेल तर डिझेल सिलिंडरात पोचत नाही. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही.

पांढरा धूर येत असून हवा थंड असेल तर हिटरकडे लक्ष द्यावे. चावी 'ऑन' केल्यावर फलकावर वेटोळ्यासारखी खूण उमटते. ती विझेपर्यंत थांबावे व मगच सेल्फ मारावा. घाईत पुष्कळजण थांबत नाहीत. खूण उमटतच नसेल तर हिटरचा फ्यूज पाहावा. हवेचा फिल्टर धुळीने अगदी बुजला आहे का, हेही पाहावे.

धूर नसेल तर डिझेलचा मार्ग क्रमाने तपासावा.

१. टाकी रिकामी होऊन गाडी बंद पडली असेल तर नळ्यांत 'हवा धरते'. नुसते डिझेल ओतून भागत नाही. ही हवा काढावी लागते. डिझेल फिल्टरवर हाताने दाबावयाचा छोटा पंप असतो. तो कडक लागेपर्यंत दाबावा. जुन्या गाडीत फिल्टरवरील हवेचा स्क्रू किंचित सैल करून, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत पंप दाबावा व स्क्रू आवळावा. मग सेल्फ मारावा. अशी खेप दोन-तीनदा करावी लागते. ज्या गाडीत हातपंप नाही तीत टाकीतील विजेचा पंप असू शकतो. चावी 'ऑन' करताच तो काही क्षण बारीक घूं असा आवाज करतो. चावी दोन-तीनदा 'ऑन' करून थांबावे, म्हणजे नळ्या भरतात.

२. डिझेलमध्ये पाणी असेल तर फलकावर त्याची खूण दिसते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी एका भांड्यात उतरवावे. स्वच्छ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा व वरीलप्रमाणे हवा काढावी. भांड्यातील घाण विहिरीजवळ वा वाफ्यात ओतू नये. ट्रॅक्टरसाठी पिंपात साठविलेले डिझेल गाडीत घालण्याची रीत असेल तेथे हा दोष वारंवार आढळतो. पिंपाच्या रिकाम्या भागातील दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी बसते. पिंप हलविल्यावर एक दिवस स्थिर ठेवावे व तळातील चार बोटे डिझेल घेऊच नये.

३. जुन्या पद्धतीच्या पंपावर डिझेल सोडणारी-तोडणारी एक वायर असते. खड्ड्यांच्या रस्त्याने ती निसटते. ती जागेवर आहे का, हे पाहावे.

नव्या गाड्यांच्या बाबतीत विशेष दक्षता

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात पंपापासून नॉझलपर्यंतच्या पोलादी नळ्यांत १,००० बारहूनही अधिक दाब असतो. जुन्या गाडीच्या सवयीने या नळ्यांचे नट सैल करणे जिवावर बेतू शकते. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते. वरून फक्त टाचणीएवढे छिद्र दिसले तरी आतील मांस सडू लागते व हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

फलकावर चावीची किंवा कुलपाची खूण लुकलुकत असेल तर गाडीची चोरीविरोधी यंत्रणा चावी ओळखत नाही. दुसरी चावी वापरून पाहावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्या आल्या. त्यांपैकी काही डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण संपल्यास, वारंवार इशारे देऊन, काही गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत. येथे शेतकऱ्याच्या मनात साहजिकच येते की, युरिया तर घरात आहे! परंतु खताचा युरिया पाण्यात विरघळवून या टाकीत कधीही घालू नये. गाडीचे द्रावण अतिशुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो व इतर अशुद्ध द्रव्येही असतात. त्याने फवारा बुजतो व धूर शुद्ध करणारा महागडा भाग निकामी होतो. शिवाय अनुदानाचे खत शेतीखेरीज अन्य कामी वापरणे हा गुन्हा आहे.

गाडी सी.एन.जी.वर चालणारी असून गॅसचा वास येत असेल तर चावी फिरवू नये. टाकीची झडप बंद करून, माणसे दूर करून, जाणकारास बोलवावे.

हे करू नये

१. एका वेळी १० सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये. दोन खेपांत निदान अर्धा ते एक मिनिट विश्रांती द्यावी. चार-पाच खेपांनंतरही सुरू न झाल्यास थांबून निदान करावे. नाहीतर मूळ दोष डिझेलचा असूनही बॅटरी व सेल्फ नाहक गमवावे लागतात.

२. हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारू नये किंवा पेट्रोलचा बोळा धरू नये. हिटर तापलेला असता त्याने अवेळी भडका होऊन दट्टे फुटतात.

३. थंडीत इंजिनाखाली वा टाकीखाली जाळ करू नये.

४. भरलेली गाडी ढकलून सुरू करू नये. इंजिन बंद असता ब्रेकला निर्वाताची मदत नसते, त्यामुळे ब्रेक फार जड लागतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते, व चावी काढलेली असल्यास स्टिअरिंगला कुलूप बसते. उतारावर अशी गाडी आवरत नाही. नव्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ढकलून उपयोगही होत नाही, कारण डिझेल सोडणाऱ्या यंत्रणेलाच वीज मिळत नाही.

माल आधी, गाडी नंतर

नाशवंत माल भरलेला असेल तर दुरुस्तीला मुदत घालावी. वीस मिनिटांत दोष सापडला नाही तर दुसऱ्या वाहनाची तजवीज सुरू करावी व दुरुस्ती मागाहून करावी. दुसरे वाहन येईपर्यंत क्रेट सावलीत, खाली हवा खेळेल असे ठेवावेत. पालेभाजीवर ओले गोणपाट टाकावे. ताडपत्रीने घट्ट झाकून माल उकडू देऊ नये. दुधाचे कॅन थंड पाण्याच्या हौदात ठेवावेत. आडत्याला फोन करून उशीर कळवावा. गटाने माल पाठविणाऱ्या शेतकऱ्यांनी हंगामापूर्वीच ठरवून ठेवावे की, एकाची गाडी अडली तर दुसऱ्याने त्याचा माल घ्यावा व भाडे ठरलेल्या दराने द्यावे.

दुखणे येऊच नये म्हणून

दर आठवड्याला : बॅटरीची टोके पाहावीत. पाणी घालावयाच्या प्रकारची बॅटरी असेल तर पातळी पाहून फक्त बॅटरीचे शुद्ध पाणी घालावे. विहिरीचे पाणी किंवा आम्ल घालू नये.
दर महिन्याला : डिझेल फिल्टरमधील पाणी उतरवावे, पट्ट्याचा ताण पाहावा, हवेचा फिल्टर झटकावा.
हंगामापूर्वी : बॅटरीची परीक्षा करून घ्यावी. तिला तीन-चार वर्षे झाली असतील तर विशेष काळजी घ्यावी. फिल्टर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बदलावेत.
नेहमी : टाकी पाव हिश्शाखाली येऊ देऊ नये. माल भरण्यापूर्वी, म्हणजे आदल्या संध्याकाळीच, गाडी एकदा सुरू करून पाहावी. दोष असेल तर तो मेकॅनिक जागा असताना व गाडी रिकामी असताना कळतो.
गाडीत असावे : जंपर केबल, विजेरी, टोकांना बसणारा पाना, वेगवेगळ्या अँपियरचे फ्यूज, हातमोजे, दोन लाकडी ठोकळे व मेकॅनिकचा फोन क्रमांक.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ व्याख्यानाने शिकविण्यासारखा नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी गावातील एखादी पिकअप, एक ट्रॅक्टर व एक माहीतगार मेकॅनिक यांना एकत्र आणून तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवावे. मेकॅनिकच्या देखरेखीखाली बॅटरीची तार सोडून दिव्यांची परीक्षा दाखवावी. जंपर केबल जोडण्याचा क्रम प्रत्येक चालकाकडून इंजिन बंद ठेवून करवून घ्यावा. फिल्टरमधील पाणी काचेच्या भांड्यात उतरवून तळाशी बसलेले पाणी सर्वांना दाखवावे. एकदा डोळ्यांनी पाहिलेले सहसा विसरले जात नाही. घरातील स्त्रियांना व तरुण मुलांनाही प्रात्यक्षिकास अगत्याने बोलवावे. अडचणीच्या वेळी विजेरी धरावयास व केबल जोडावयास बहुधा तेच हजर असतात.

सेल्फ फिरत नसेल तर वीज पाहावी. फिरत असूनही गाडी पकड घेत नसेल तर डिझेल व हवा पाहावी. पाण्यातून आली असेल तर हात लावू नये. एवढे तीन नियम गाडीच्या दाराच्या आतील बाजूस खडूने लिहून ठेवले तरी पहाटेच्या अंधारात पुष्कळ काम होईल.